पसरणी घाट आणि मॅन्युअल पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज: उतारावर न्यूट्रल की गिअर?

सातारी_हॅचबॅक
रोज सातारा ते पाचगणी जाऊन-येऊन असतो. पाचवडपर्यंत हायवे, मग वाई, मग पसरणी घाट. गाडी १.२ लिटर पेट्रोल, पाच गिअर, बीएस-४. ॲव्हरेज १५-१६ च्या वर सरकत नाही. वडापवाले (शेअर जीपचे ड्रायव्हर) सांगतात, घाटमाथ्यावरचं दांडेघर सोडलं की न्यूट्रल टाकायचं, वाईपर्यंत पेट्रोल लागतच नाही. हे खरं का? चढताना दुसरा गिअर बरा की तिसरा? हायवेला वेग किती ठेवावा? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

घाटवाट
न्यूट्रल आजपासून बंद करा, दादा. हा सल्ला कार्बोरेटरच्या गाड्यांचा आहे. तिथे पाय काढला तरी फिरणारं इंजिन थोडंफार पेट्रोल ओढत राहायचं, म्हणून न्यूट्रलमध्ये फरक पडायचा. तुमच्या गाडीत पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्टर आहेत. इंजिन गरम आहे, गाडी गिअरमध्ये आहे, क्लच सुटलेला आहे आणि ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलाय, अशा वेळी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर बंदच करतो. इंजिन फिरतं ते चाकांच्या जोरावर. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) साधारण १२०० ते १५०० च्या खाली आले की इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू होतं.

न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंग चालू राहतं. १.२ चं इंजिन तासाला साधारण ०.६ ते ०.८ लिटर खातं. घाट उतरायला २०-२५ मिनिटं धरा, म्हणजे पाव लिटरच्या आसपास पेट्रोल फुकट गेलं. गिअरमध्ये बराचसा वेळ हा आकडा शून्य असतो. मीटरवर तात्काळ ॲव्हरेज दिसत असेल तर उतारावर पाय काढून बघा, काटा किंवा पट्टी टोकाला जाऊन बसते.

पेट्रोलपेक्षा महत्त्वाचे ब्रेक. पाचगणी ते वाई उंचीचा फरक साधारण ५५० ते ६०० मीटर आहे. एक टनाची गाडी तेवढी खाली आणताना दीड युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही भाग टायर आणि हवा खातात. उरलेली सगळी, न्यूट्रल असेल तर, पॅड आणि डिस्कवर येते. पॅड तापले की पेडल दाबूनही गाडी थांबायला तयार होत नाही. ब्रेक ऑइल जुनं आणि पाणी धरलेलं असेल तर ते उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं. वळणावर ऐनवेळी गिअर टाकायला गेलात आणि पडला नाही, तर हातात काहीच उरत नाही.

पद्धत अशी: दांडेघर सोडतानाच, उतार लागायच्या आधी तिसरा घ्या. सारखा ब्रेक लागतोय असं दिसलं की वेग ३० च्या आसपास आणून दुसरा. ब्रेक ठामपणे दाबा, वेग उतरला की सोडा. पाय नुसता टेकवून ठेवू नका. दुसऱ्यात आरपीएम ३००० दाखवले म्हणून घाबरायचं कारण नाही. तो नुसता आवाज आहे, पेट्रोल जळत नाहीये. उलट तिसऱ्यात आरपीएम १२०० च्या खाली आले तर पेट्रोल सुरू होतं, म्हणजे उतारावर खालचा गिअरच जास्त वाचवतो.

चावी बंद करून उतरायचा विचारही नको. ब्रेकला जोर देणारा इंजिनचा व्हॅक्यूम गेला की दोन-तीन दाबांनंतर ब्रेक दगडासारखे होतात, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉकही लागू शकतं.

टॉर्क_कराड
उताराचं सगळं आलंय, मी चढाचं सांगतो. ॲव्हरेज मारतोय तो बहुतेक चढच.

वरचा गिअर म्हणजे बचत, हे सपाटीवर खरं. घाटात तिसऱ्यात १३०० आरपीएमवर पेडल तळापर्यंत दाबून गाडी रडतखडत नेली तर तोटाच. पेडल पूर्ण दाबलं की ईसीयू हवा-पेट्रोलचं मिश्रण गडद करतो, म्हणजे जादा पेट्रोल सोडतो. शिवाय नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, त्यामुळे जाळलेल्या पेट्रोलमधूनही ताकद कमी मिळते. खूण सोपी: पेडल आणखी दाबलं आणि वेग वाढलाच नाही, नुसती घरघर वाढली, की एक गिअर खाली. चढावर २००० ते २८०० आरपीएम, पेडल अर्ध्या-पाऊण दाबावर, हे या इंजिनांना मानवतं. कडक वळणाला दुसरा वळणाच्या आधीच पडलेला हवा. वळणात क्लच दाबला की वेग मरतो, आणि तो परत मिळवायला पेट्रोलच लागतं.

पुढे ट्रक दिसला तर चिकटू नका, ४०-५० मीटर सोडा. अंतर असेल तर दुसऱ्यात एकसारख्या वेगाने जाता येतं. चिकटलात की थांबा-निघा आणि हाफ क्लच (क्लच अर्धवट दाबून गाडी धरणं).

सपाटीला मात्र गिअर लवकर बदला: २०००-२२०० ला पुढचा, ५०-५५ ला पाचवा. अगदी हळूहळू वेग वाढवणं फायद्याचं नसतं, कारण खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ जातो.

कृष्णाकाठ
हायवेला ८०, पाचव्यात. १०० ला हवेचा विरोध ८० च्या दीडपटीहून जास्त होतो (वेगाच्या वर्गाने वाढतो), आणि सातारा-पाचवड पट्ट्यात ४ मिनिटंही वाचत नाहीत. काचा बंद, एसी चालू चालेल. वरचा कॅरिअर रिकामा असेल तर काढून ठेवा.

घाटवाट यांच्या म्हणण्यात एक भर. हायवेच्या मंद उतारावर पाय पूर्ण काढला तर इंजिन ब्रेकिंगने वेग पडतो आणि तो पुन्हा कमवावा लागतो. तिथे पाचव्यातच हलका पाय ठेवा. पूर्ण पाय काढायचा तो आणेवाडी टोलसारख्या ठिकाणी, जिथे थांबायचंच आहे: रांग दिसताच, ३००-४०० मीटर आधी. ब्रेक जितके कमी लागतील तितकं पेट्रोल वाचतं.

टायरची हवा सकाळी भरा, टायर थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, भरलेल्या गाडीचा वेगळा. गरम टायरमध्ये ३-४ पीएसआय जास्त दिसतात, ते बघून हवा काढू नका.

आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) विसरू नका. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. तुमच्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज त्यानेही थोडं उतरणार, मग त्या इथेनॉलचा ऊस आपल्याच जिल्ह्यातला का असेना.

सातारी_हॅचबॅक
मनापासून आभार. दोन शंका. वाईच्या बाजारात आणि घाटातल्या कोंडीत चढावर गाडी हाफ क्लचवर धरतो, त्याने फरक पडतो का? आणि ॲव्हरेज मीटरवरचं धरायचं का?

टॉर्क_कराड
पेट्रोलपेक्षा क्लच प्लेट जास्त जाते. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पाय काढा. निघताना पहिला टाका, क्लच पकडला आणि बोनेट किंचित उचललं की हँडब्रेक सोडा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद. अरुंद जागी उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, नियमच आहे. तुम्ही उतरताना पाळा.

कृष्णाकाठ
मीटर बहुतेक वेळा जास्तच दाखवतं. एकाच पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप कट होईपर्यंत भरा, ट्रिप शून्य करा. ३००-४०० किलोमीटरनंतर परत तसंच भरा, किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, तीन टाक्यांची सरासरी घ्या.

एवढं करूनही १६ च्या वर गेलं नाही तर ब्रेक चिकटतोय का बघा. हायवेवर जोरात ब्रेक न लावता १०-१५ किलोमीटर चालवा, हळूहळू थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या (डिस्कला लावू नका). एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर त्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकल्यात किंवा पिस्टन अडकतोय, मागचं चाक असेल तर हँडब्रेकची केबलही असू शकते. ते आधी सोडवून घ्या, मग एअर फिल्टर आणि प्लगकडे वळा.