वॉशिंग्टनच्या मतपत्रिकेवरचे दुसरे ‘प्रतिनिधी’ पद नेमके कशासाठी?

प्रश्न:
नमस्कार. नागरिकत्व मिळाल्यानंतर मी वॉशिंग्टन डी.सी.मध्ये प्रथमच मतदान करणार आहे. टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर ‘प्रतिनिधीगृहातील (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील) डेलिगेट’ आणि ‘युनायटेड स्टेट्स रिप्रेझेंटेटिव्ह’ अशी दोन वेगळी पदे आहेत. डी.सी. हे राज्य नसल्याने त्याला मताधिकार असलेला प्रतिनिधी नाही, हे तर मी नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी पाठ केले होते. मग हे दुसरे पद कोणते, आणि त्यासाठी मत देण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर १:
डेलिगेट सभागृहात खरोखर बसतात आणि समित्यांमध्ये मतही देतात. मात्र विधेयकावरील अंतिम मतदानात त्यांना मत नसते. दुसऱ्या पदाला येथे सगळे ‘शॅडो रिप्रेझेंटेटिव्ह’ (छाया प्रतिनिधी) म्हणतात, पण ‘शॅडो’ हा शब्द मतपत्रिकेवर छापलेला नसल्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. दर दोन वर्षांनी निवडून येणाऱ्या या व्यक्तीला प्रतिनिधीगृह सदस्य मानत नाही, त्यामुळे शपथ नाही, आसन नाही आणि वेतनही नाही. डी.सी.ला राज्याचा दर्जा मिळावा म्हणून पाठपुरावा करणे, हेच तिचे काम. ही निवडणूक १९९० मध्ये सुरू झाली. त्याच वेळी नागरी हक्क चळवळीतील नेते जेसी जॅक्सन शॅडो सिनेटर, म्हणजे सिनेट या वरिष्ठ सभागृहासाठीचे तसेच प्रतिनिधी, म्हणून निवडून आले.

उत्तर २:
मी ती जागा कोरी सोडतो. २०२० च्या जनगणनेनुसार येथे ६,८९,५४५ लोक राहतात, म्हणजे वायोमिंग आणि व्हरमाँट या दोन्ही राज्यांपेक्षा अधिक. आम्ही संघराज्याचा पूर्ण कर भरतो. अशा लोकांना अधिकार नसलेले पद देणे मला अपमानास्पद वाटते.

उत्तर ३:
आपला संताप मला मान्य आहे, निष्कर्ष मात्र नाही, कारण हे पद काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दिलेले नसून येथील मतदारांनी राज्याच्या मागणीसाठी स्वतः निर्माण केले आहे. हा मार्ग टेनेसीने १७९६ मध्ये प्रथम चोखाळला: राज्य होण्याआधीच त्यांनी दोन सिनेटर पाठवले, सिनेटने त्यांना बसू दिले नाही, पण त्याच वर्षी जूनमध्ये टेनेसी राज्य झाले. अलास्कानेही १९५६ मध्ये दोन सिनेटर आणि एक प्रतिनिधी निवडले आणि १९५९ मध्ये राज्याचा दर्जा मिळवला. डी.सी.च्या राज्याचे विधेयक प्रतिनिधीगृहाने २०२० आणि २०२१ मध्ये संमत केले. ते अडले सिनेटमध्ये, जेथे आपले कोणीच नाही.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. राज्य झाले, तर निवडून आलेल्या याच व्यक्तीला आसन मिळेल का?

उत्तर ३:
नाही, नव्याने निवडणूक होईल. अलास्काचे अर्न्स्ट ग्रूनिंग १९५६ मध्ये निवडून आले होते, तरी सिनेटमध्ये बसण्यासाठी त्यांना १९५८ मध्ये पुन्हा मतदारांपुढे जावे लागले.