‘खा आणि संपवा’ म्हणे! परक्या माशांवरचा हा उतारा कुणाला पटतो?

तळ्याकाठची
‘परके मासे: खा आणि संपवा’ या परवाच्या लेखाखाली प्रतिसाद लिहायला बसले. तो लांबत गेला, म्हणून हा वेगळा धागा. लेखकाचं म्हणणं एवढंच, की नदी-तलावात घुसलेला मासा पकडा, त्याला गोंडस नाव द्या, ताटात वाढा, आपोआप संपेल. खाली वाहवांची रांग.

अहो, ज्याला गिऱ्हाईक लागलं तो मासा कोण संपू देईल? आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला. त्याने तिथल्या सिक्लिड या छोट्या माशांच्या शेकडो जातींची वाट लावली. आज त्याच पर्चवर कारखाने चालतात, निर्यात होते. तिथे जाऊन ‘चला, याला संपवू या’ म्हणून बघा. मार खाल. चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि त्याचे भाऊबंद अमेरिकेत १९७०च्या दशकात आणले ते तळी साफ करायला. ते निसटले, नद्या व्यापल्या. २०२२ साली इलिनॉयने त्यांचं ‘कोपी’ असं बारसं केलं. मासा तोच.

फाटकं जाळं
ताई, तुम्ही काठावर, आम्ही पाण्यात. सकर, तो काचेच्या पेटीत पाळतात तो परका मासा, जाळ्यात आला की काय होतं, बघितलंय? अंगावर चिलखत, परांचे काटे करवतीसारखे. ओढला की जाळं फाटतं. वडील मांडीवर जाळं घेऊन चाकूने एकेक फास कापत बसायचे. अर्धी सकाळ त्यातच जायची. काढून काठावर टाकला तरी पठ्ठ्या तासन्‌तास जिवंत, पोटाने हवा घेतो. याला कुणी दमडी जरी दिली असती तरी आम्ही रोज पोत्याने काढला असता. बाजार नको म्हणणाऱ्यांनी जाळ्याचे पैसे भरावेत.

तळ्याकाठची
सकरपुरतं मान्य. त्याला कुणी विचारत नाही, म्हणजे वाढवणारही नाही. पण लेख सगळ्याच माशांना एका काठीने हाकतो, राग त्याचा आहे.

डासमार
परक्या माशांच्या नावाने एवढी बोंब, मग गप्पीचं काय करता? डासांच्या अळ्या खातो म्हणून आणलेला तोही परकाच, दक्षिण अमेरिकेतला. उभी नोकरी मी टाक्या-विहिरींत गप्पी सोडण्यात घालवली. त्या वेळी कुणाला पर्यावरण आठवलं नाही. उलट साहेब विचारायचे, आकडा का कमी?

बेडूकराव
गप्पी एक वेळ ठीक. डासांसाठीच आणलेल्या दुसऱ्या माशाचं, गम्बुसियाचं बोला! १९२८ साली भारतात आणला, आणि जगातल्या सगळ्यांत घातक शंभर आगंतुक जीवांच्या यादीत तो आहे. बेडकांची अंडी खातो, पिल्लांच्या शेपट्या कुरतडतो. आपल्याकडे पिकू हा इथलाच मासा होताच की! डोक्यावर चमचमता ठिपका, कायम पृष्ठभागालगत, डासांच्या अळ्या टिपायलाच जन्मलेला. त्याला सोडून हे परदेशी पाहुणे कशाला?

डासमार
पिकू दोन हजार हवेत, उद्या सकाळी. देता? मलेरिया झालाय का कधी तुम्हाला? मला दोनदा झालाय. तीन गोधड्या घेऊन दात वाजतात तेव्हा बेडकाची शेपूट आठवत नाही. आणि आम्ही बंद टाकीत सोडायचो, नदीत नाही.

बेडूकराव
बंद टाकी! पूर येईपर्यंत सगळंच बंद असतं. १९७१ साली हिमाचलातल्या गोविंदसागर जलाशयात चंदेरा असाच पुराने शिरला आणि पुढे आपल्या कटला माशाच्या जागेवर ठाण मांडून बसला. तुमच्या टाकीला पाय फुटत नाहीत हे कोण बघायला गेलं होतं? तुम्ही? की आकडा मागणारे साहेब?

डासमार
तुम्ही बेडकांचे वकील आहात, माणसांचे नाही. एवढंच कळलं.

भोवरा
अहो, डास आवरा दोघेही. मूळ प्रश्न मासा काढायचा कसा, हा आहे. खाऊन नाही तर मग विष? कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस तलावात पाईक हा शिकारी मासा घुसला म्हणून १९९७ साली रोटेनोन हे मासे मारायचं विष ओतलं. गावाचं पिण्याचं पाणी तिथलंच, लोक भडकले. १९९९ला पाईक पुन्हा हजर! २००७ साली परत विष, तेव्हा कुठे गेला. रोटेनोन कल्ल्यांतून शिरतं, त्याला आपला-परका कळत नाही. आणि हे तलावाचं झालं. वाहत्या नदीत कुठवर ओतणार?

तळ्याकाठची
मग उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांतली लॅम्प्रीही सांगा की. दुसऱ्या माशाला तोंडाने चिकटून रक्त पिणारी. तिची पिल्लं वर्षानुवर्षं ओढ्या-नद्यांच्या गाळात असतात, म्हणून १९५८पासून तिथेच त्यांना मारणारं औषध मोजून सोडतात. वाहत्या पाण्यातच, भोवरा! लॅम्प्री नव्वद टक्क्यांच्या आसपास कमी झाली. पण कोविडच्या दोन वर्षांत काम ढिलं पडलं, लगेच संख्या वाढली. म्हणजे कायमचा पगारी माणूस हवा. ‘संपवा’ हा शब्दच खोटा आहे, ‘आवरत राहा’ म्हणा.

गळवाला
सगळे मासे खाणाऱ्यांवर आणि सोडणाऱ्यांवर घसरताय, ‘संवर्धन’ करणाऱ्यांचं काय? कावेरीत निळ्या परांचा, दुसरीकडचा महाशीर मासा नदीचं भलं म्हणून सोडला. कावेरीतला मूळचा उंच पाठीचा महाशीर मात्र २०१८पासून अतिसंकटग्रस्त. आम्ही गळवाल्यांनीही तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. घ्या, कबूल केलं. आता शिव्या घाला.

काचेची पेटी
शिव्या मलाही घाला. मुलीच्या पेटीत काचेवरचं शेवाळ खातो म्हणून बोटभर सकर आणला. वर्षभरात हातभर झाला. दुकानदार परत घेईना, मारायचं जिवावर आलं. बादलीतून नेऊन तळ्यात सोडला. शेपटीचा एक फटका मारून खाली गेला. मुलीने टाटा केला.

तळ्याकाठची
अरे देवा. इथे आम्ही व्हिक्टोरियापर्यंत जाऊन आलो.

डासमार
बघा! सरकारी गप्पीला फाशी, आणि यांना टाटा.

फाटकं जाळं
मुलीला सांगा, पोचला. परवा जाळ्यात आला होता. वीस फास कापले.