मदत हवी आहे: गाय गाभडली, आता भावाचा ताप हटेना

तीन आठवडे झाले. सकाळी बरा असतो, दुपार कलली की अंग मोडून येतं, रात्री घामानं बनियन पिळून निघतो. कंबर, गुडघे धरलेत. मलेरिया, डेंगी निगेटिव्ह. विडाल थोडी वर आली म्हणून टायफॉइडची औषधं झाली. चार दिवस ताप उतरला, परत आला.

काल बोलता बोलता म्हणाला, ताप यायच्या महिनाभर आधी एक गाय सातव्या महिन्यात गाभडली होती. वार पडेना म्हणून यानंच हात घालून काढली. मोजे नाहीत, वर बोटाला विळा लागलेला. डॉक्टरांनी विचारलं नाही, यानं सांगितलं नाही!

कुठली तपासणी मागायची? वहिनी पाचव्या महिन्यात आहे, तिचं काय? आणि हा पठ्ठ्या धार काढताना निरसं दूध पितो.

प्रतिसाद १ (पशुवैद्यक आहे)
गाभडलेल्या गाईची गोष्ट डॉक्टरांना आजच सांगा, बाकी सगळं नंतर. संशय ब्रुसेलोसिसचा, म्हणजे गुरांकडून माणसाला लागणाऱ्या जंतूच्या तापाचा. क्यू ताप आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हे जनावरांकडून येणारे आजारही डोक्यात ठेवावे लागतात, पण सुरुवात रोझ बेंगाल आणि नळीतली अ‍ॅग्लुटिनेशन या रक्ताच्या तपासण्यांनी होते. ब्लड कल्चर करणार असतील तर लॅबला आधी कल्पना द्या. जंतू सावकाश वाढतो आणि लॅबमधल्या माणसांनाही लागतो.

वहिनींना गोठ्यात जाऊ देऊ नका. कच्चं दूध प्यायल्या असतील किंवा गाभडलेल्या गाईपाशी गेल्या असतील तर त्यांचीही तपासणी हवी, कारण बाळाला धोका असतो. औषधंही त्यांच्यासाठी वेगळी, डॉक्सिसायक्लिन चालत नाही. दूध उकळल्याशिवाय कुणीच नको. गाईचं रक्त तपासून घ्या.

हसू नका, पण मलाही हा ताप झालाय. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची जी एस-१९ लस देतात तिच्यात जिवंत जंतू असतो. कालवड उसळली, सुई माझ्या अंगठ्यात.

प्रतिसाद २
मला गोळ्या सहा आठवड्यांच्या होत्या, डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन. विसाव्या दिवशी ठणठणीत वाटलं, बंद केल्या. दोन महिन्यांनी ताप परत आणि मणक्यात दुखणं, मग पहिल्यापासून सुरुवात. भावाच्या गोळ्या तुम्ही मोजा, त्याच्यावर सोडू नका. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते, घाबरू नका.

धागाकर्ता
रोझ बेंगाल पॉझिटिव्ह आली. नळीच्या तपासणीचा रिपोर्ट उद्या. वहिनी माहेरी गेली, तिचंही रक्त दिलंय. वार कुठे टाकली विचारलं तर म्हणे उकिरड्यावर, कुत्र्यांनी ओढून नेली.

आता प्रश्न गोठ्याचा. त्याच दावणीला दोन गाभण गाई आहेत. त्यांना हलवायचं की गाभडलेलीला? ती वरून अगदी चांगली दिसते, दूधही देतेय.

प्रतिसाद १
गाभडलेलीला. आजच. तिची धार सगळ्यात शेवटी काढा, मोजे घालून. चांगली दिसली तरी दुधातून जंतू बरेच महिने जाऊ शकतो. गाभण गाईंचं रक्तही तपासा, आणि त्या व्यायल्या की वार पडेपर्यंत मला विचारल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही.