लेओफ्रिथला मारलं आणि आता चुटपुट लागलीये (वल्हाला, स्पॉयलर आहेत)

निशाचर:

मंडळी, प्रश्न जरा खुळचट आहे, पण चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय. ज्यांनी गेम अजून खेळला नाही त्यांनी इथूनच मागे फिरा.

'असॅसिन्स क्रीड वल्हाला' हा व्हायकिंगांवरचा व्हिडिओ गेम आला २०२० च्या नोव्हेंबरात आणि मी तो आत्ता कुठे खेळतोय. वरातीमागून घोडं ही माझी जुनी खोड. नॉर्वे सोडून इंग्लंडात आलो, रेव्हन्सथॉर्पला वस्ती केली आणि पहिलाच प्रदेश निवडला लेडेसेस्ट्रेशायर. तिथलं काम काय, तर मर्सियाच्या (इंग्लंडच्या मधल्या भागातलं जुनं राज्य) राजा बर्गरेडला गादीवरून उठवायचं आणि आपल्या ऐकण्यातला केओलवुल्फ तिथे बसवायचा. सोबतीला दंतकथांमधल्या रॅग्नार ह्या व्हायकिंगाची पोरं, इवार आणि उब्बा. बर्गरेड स्वतः लढतबिढत नाही, लपून बसतो. लढतो तो त्याचा माणूस, लेओफ्रिथ.

खलनायक म्हणून एवढासाच. नव्या राजाच्या अभिषेकात घुसतो आणि मग एकास एक लढत. मी सात वेळा मेलो. रात्रीचे पावणेदोन, उजवा अंगठा बधिर, कंट्रोलर चार्जिंगला लावा अशी पाटी पडद्यावर दोनदा येऊन गेलेली. आठव्यांदा तो एकदाचा हरला आणि दोन पर्याय आले. एक, मारून टाका. दुसरा, त्याला खरं सांगा की बाबा रे, ज्या राजासाठी लढतोयस तो तुला टाकून गेला. मी दुसरा धड वाचलासुद्धा नाही. हाताला लागलं ते बटण दाबलं.

झोपायला गेलो तेव्हा लक्षात आलं की त्या अख्ख्या प्रदेशात दिल्या शब्दाला जागलेला हाच एक माणूस होता. होडीतून येऊन दुसऱ्याचा राजा बदलणारे आम्ही, आणि खलनायक तो?

तर विचारायचं असं, की हा लेओफ्रिथ खरा होता का? आणि बर्गरेड खरंच इतका पळपुटा होता का?

बटणमोड्या:

एवढ्यात वाईट वाटून घेऊ नका, अजून पुढे वाटायचंय. त्याला मारलंत ना, आता झेलट, म्हणजे गेममधले शिकारी शत्रू, तुमच्या मागावर. एकूण १५ आहेत, घोड्यावरून रस्ते तुडवत फिरतात आणि सुरुवातीच्या ताकदीला दोन फटक्यांत आडवं करतात. खरं सांगून सोडला असता तर ते आपणहून मागे लागत नाहीत. मीही मारलाच होता. नंतर दोन आठवडे शिंगाचा आवाज आला की झुडपात.

खापरतुकडे:

लेओफ्रिथ गेमवाल्यांनी घडवलेला आहे. 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' ह्या जुन्या इंग्रजी बखरीत बर्गरेडची गादी गेली त्या नोंदीत बर्गरेडच्या बाजूने लढलेल्या एकाही माणसाचं नाव नाही. तेव्हा त्या खुनातून तुम्ही सुटलात.

बर्गरेडचं मात्र सोपं नाही. तो ८५२ मधे गादीवर आला आणि २२ वर्षं राहिला. गेममधे आपल्याला दिसतो तो शेवटच्या काही आठवड्यांतला माणूस, आधीची २२ वर्षं गाळून. ८६८ ला डेन लोकांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, नॉटिंगहॅम धरलं तेव्हा ह्याने दक्षिणेकडच्या वेसेक्स राज्याला निरोप धाडला. राजा एथेलरेड आणि त्याचा धाकटा भाऊ आल्फ्रेड, म्हणजे बर्गरेडचे सख्खे मेहुणे, सैन्य घेऊन आले. वेढा पडला, मोठी लढाई झालीच नाही आणि शेवटी मर्सियाने तह केला. मग डेन ८७१ चा हिवाळा लंडनमधे, ८७२ चा टॉर्क्सीत आणि ८७३ चा थेट रेप्टनला. एकेक मुक्काम राजाच्या जवळ सरकत गेला. रेप्टन म्हणजे मर्सियाच्या राजांना जिथे पुरायचे ती जागा. सेंट विस्टनच्या चर्चखालचं ते तळघर आजही उभं आहे, खांबांना पीळ दिलेलं, जेमतेम एखाद्या खोलीएवढं. डेन लोकांनी नेमकं ते चर्च पोटात घेऊन इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा खंदक खणला. १९७४ पासून पुढे तिथे उत्खनन झालं, तेव्हा एका ढिगाऱ्याखाली किमान २६४ माणसांची हाडं निघाली. पूर्वजांच्या थडग्यावर शत्रूची छावणी पडल्यावर राजाने काय करायचं असतं? तो बायकोसह निघाला, रोमला गेला आणि तिथेच मेला. पळपुटा म्हणायचं तर म्हणा. मला तो थकलेला वाटतो.

अवांतर: रेप्टनच्या सैन्याचे पुढारी म्हणून क्रॉनिकलमधे हाफडन, गुथ्रम, ऑस्केटेल आणि आनवेंड ही नावं येतात. इवार आणि उब्बा तिथे नाहीत. पण पोस्टरवर रॅग्नारची पोरं हवीत ना!

आता माझा आवडता विषय, तुमचा तो केओलवुल्फ. त्याच्याबद्दल क्रॉनिकलचे शब्द फार झोंबरे आहेत: राजाचा एक मूर्ख थेन. थेन म्हणजे राजाच्या पदरचा सरदार. डेन लोकांनी राज्य ह्याच्या हाती दिलं, ह्याने शपथा घेतल्या, ओलीस दिले, मागाल तेव्हा राज्य परत करीन म्हणाला. शंभर टक्के कळसूत्री बाहुली. गेमने हेच उचललंय, फक्त त्याला जरा प्रेमळ बाप केलंय आणि एक मुलगा दिलाय.

पण हे लिहिलं कोणी? क्रॉनिकल जुळवलं गेलं ८९० च्या दशकात, वेसेक्समधे, आल्फ्रेडच्या राजवटीत. आणि तोवर निम्मं मर्सिया आल्फ्रेडच्या छत्राखाली आलेलं होतं. आधीचा राजा मूर्ख होता असं बखरीत असणं किती सोयीचं!

२०१५ च्या ऑक्टोबरात ऑक्सफर्डशायरमधे वॉटलिंग्टनजवळ एका मेटल डिटेक्टरवाल्याला शेतात खजिना सापडला. सुमारे २०० नाणी, काही तुटकी, चांदीची कडी आणि १५ लगडी. अ‍ॅशमोलियन संग्रहालयाने २०१७ मधे १३.५ लाख पौंडांना घेतला. त्यात १३ नाणी अशी होती की एका बाजूला शेजारी शेजारी बसलेले दोन सम्राट, मूळ रोमन नाण्यावरून उचललेले. ह्या छापाची त्याआधी फक्त दोन नाणी माहीत होती, त्यामुळे कोणी फार मनावर घेत नव्हतं. आता कळतं की काही नाणी आल्फ्रेडच्या नावाने आहेत आणि काही केओलवुल्फच्या. छाप तोच, चांदी तीच. बर्गरेडच्या शेवटच्या काळात पेनीत चांदी नावापुरती उरली होती. ती पुन्हा चोख झाली ह्या दोघांच्या काळात, दोघांच्या राज्यांत एकदमच. दोन राजांनी एकत्र बसून ठरवल्याशिवाय असं होत नाही. बखरीत जो मूर्ख आहे तो नाण्यावर आल्फ्रेडच्या बरोबरीचा आहे.

खोटं कशाला बोलू, त्या नाण्याचा मोठा केलेला फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मी हसलो. ते सम्राट म्हणजे गोल डोकी, बारके पाय, मधे पंख पसरलेली विजयदेवता. लहान मुलाने पाटीवर काढल्यासारखे. आणि ह्या चित्राने हजारेक वर्षांची बदनामी उलटवली.

निशाचर:

वाचनखूण साठवली. दोन शंका. ह्या केओलवुल्फचं पुढे काय झालं? आणि नाणी एवढी बोलकी असतील तर आधी का नाही सापडली?

खापरतुकडे:

८७७ मधे डेन लोकांनी मर्सियाची वाटणी केली, पूर्व भाग त्यांनी घेतला आणि पश्चिम ह्याला ठेवला. राजांच्या यादीत त्याच्यापुढे पाच वर्षं लिहिलीत. त्यानंतर तो नाहीसा होतो. मेला, मारला, की निघून गेला, एक ओळसुद्धा नाही.

नाण्यांचं विचाराल तर खरे खलनायक इथे आहेत. त्याच २०१५ साली हेरफर्डशायरमधे लेमिन्स्टरजवळ दोघा डिटेक्टरवाल्यांना असाच एक खजिना सापडला, सोन्याचं कडं, अंगठी, स्फटिकाचा गोळा आणि अंदाजे ३०० नाणी. कायद्याने कळवणं बंधनकारक असतं. ह्यांनी कळवलं नाही, गुपचूप विकायला काढला. २०१९ मधे दोघांना तुरुंगवास झाला, पण बहुतेक नाणी गेली ती गेलीच. मिळालेल्या थोड्या नाण्यांत पुन्हा दोन सम्राट आहेत. म्हणजे केओलवुल्फच्या बाजूचा निम्मा पुरावा कोणाच्या तरी ड्रॉवरमधे पडलाय. तुमचे १५ झेलट एकीकडे आणि हे दोघे एकीकडे.

शब्दवेडी:

धागा आवडला, पण त्या बिचाऱ्याला केओलवुल्फ म्हणणं थांबवा हो. लिहिताना सी असला तरी जुन्या इंग्रजीत तिथे उच्चार च चा. चेओलवुल्फ. चेओल म्हणजे जहाज, वुल्फ म्हणजे लांडगा. ह्या लोकांची नावं दोन तुकडे जोडून केलेली असतात आणि जोडीला अर्थ असलाच पाहिजे असं नाही, म्हणून जहाजलांडगा. बर्गरेड म्हणजे गड आणि सल्ला. आल्फ्रेड म्हणजे परी आणि सल्ला, परीला विचारून चालणारा समजा. बर्गरेडची राणी एथेलस्विथ, कुलीन आणि खंबीर.

लेओफ्रिथमधे लेओफ म्हणजे लाडका, जिवलग. फ्रिथ म्हणजे शांतता, सलोखा. निशाचर, तुम्ही रात्री पावणेदोनला लाडक्या सलोख्याचा मुडदा पाडलात.

बटणमोड्या:

ह्या प्रतिसादाला +१००. बाकी लढतीचं सांगतो, तो फटका मारण्याआधी जी लाल चमक येते तिला अडवायला जाऊ नका, बाजूला उडी मारा. सात वेळा मेलात ते तिथेच.

निशाचर:

बरोबर, तिथेच. आणि राणीचं काय झालं? गेममधे ती दिसते आणि नवऱ्यापेक्षा तीच ताठ कण्याची वाटते.

खापरतुकडे:

खंबीर होतीच. आल्फ्रेडची सख्खी बहीण, ८५३ मधे बर्गरेडशी लग्न झालं. नवरा गेल्यानंतर बरीच वर्षं जगली. ८८८ मधे रोमच्या वाटेवर गेली, इटलीत पाविया इथे पुरली.

तिच्या नावाची सोन्याची अंगठी ब्रिटिश म्युझियममधे आहे. वरच्या बाजूला येशूचं प्रतीक असलेला कोकरू आणि आत कोरलंय, एथेलस्विथ राणी. १८७० मधे यॉर्कशायरात अ‍ॅबरफर्डजवळ नांगरताना वर आली. ज्याला सापडली त्याने म्हणे ती आपल्या कुत्र्याच्या पट्ट्याला अडकवून टाकली, पितळेची समजून. मर्सियाची राणी काही दिवस त्या कुत्र्याच्या गळ्यात शेतातून हिंडली.

निशाचर:

कुत्र्यापाशी मी थांबलो आणि पाच मिनिटं नुसता बसलो.

असो. काल जुना सेव्ह धुंडाळला. आहे, पण टॅमवर्थच्या किल्ल्याच्या आधीचा. म्हणजे पुन्हा तो ओंडका ढकलत दरवाजा फोडणं आलं, वरून बाण खात. आज रात्री बसतोय. कंट्रोलर दुपारपासूनच चार्जिंगला लावलाय.

शब्दवेडी:

आणि पर्याय दोन्ही वाचा.