पॉप्युलिझम म्हणजे लोकानुनयच का?

भाषांतरवही

अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षात २०२४ च्या पराभवानंतर जो वाद पेटला आहे, त्यावरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. लेखाचा मूळ प्रश्न असा: 'प्रोग्रेसिव्ह इकॉनॉमिक पॉप्युलिझम'ने या पक्षाची पुढची वाट ठरवावी का? वर्तमानपत्री सवयीने 'पुरोगामी आर्थिक लोकानुनय' असं लिहिलं आणि तिथेच अडलं. "लोकानुनयाने पक्षाचं भवितव्य घडवावं का?" असं विचारल्यावर कोणीही "नाही" म्हणेल. मूळ वाक्यात तसा कौल दिलेला नाही. दुसरा शब्द आहे का? आणि 'पुरोगामी' तरी इथे चालतो का?

धातुपाठ

अडलं ते बरोबर जागी अडलं. अनुनय म्हणजे मनधरणी. रुसलेल्याची समजूत काढणं, आर्जव करणं. 'अनुनय-विनय' हा जोड आपण आजही त्याच अर्थाने वापरतो. त्यामुळे लोकानुनय म्हटलं की करणारा पुढारी असतो आणि लोक रुसून बसलेले असतात. लोकांनी स्वतः उभं केलेलं राजकारण या शब्दात मावतच नाही.

लोकरंजन, लोकानुरंजन यांची अडचण वेगळी. 'राजा' या शब्दाची फोड जुने लोक 'प्रजेचं रंजन करतो तो' अशी करत, म्हणजे तो एके काळी गुण होता. आज लोकरंजन म्हटलं की तमाशा, जत्रा, दूरदर्शन आठवतं. 'लोकरंजनवाद' छापलेला दिसतो खरा, पण तिथेही लोक प्रेक्षकच राहतात.

'जनवाद' मोकळा नाही. 'जनवादी' हे विशेषण आपल्याकडे डाव्या पक्षांच्या संघटनांनी पक्कं केलेलं आहे. पॉप्युलिस्ट माणसाला 'जनवादी' म्हटलं तर वाचक त्याला कम्युनिस्ट समजेल.

काळी माती

आधी मूळ पॉप्युलिस्ट कोण होते ते पाहू, मग शब्द आपोआप सापडेल.

हे नाव १८९१ च्या सुमारास कॅन्ससमध्ये रूढ झालं. ते शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीचे लोक. ४ जुलै १८९२ ला ओमाहा इथे त्यांनी जाहीरनामा मंजूर केला. त्यात रेल्वे आणि तारयंत्र सरकारी मालकीचं करा, चढत्या दराने प्राप्तिकर लावा, टपाल खात्यात बचत बँक काढा अशा मागण्या होत्या. सोबत मंजूर झालेल्या ठरावांत सिनेटर थेट लोकांनी निवडावेत हेही होतं. त्या वर्षी त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना साडेआठ टक्के मतं आणि २२ निर्वाचक मतं (राज्यवार मोजली जाणारी, अध्यक्ष ठरवणारी मतं) पडली. रेवडी म्हणावी असं त्या यादीत काही शोधून दाखवा.

त्यांची सगळ्यांत नेमकी मागणी होती 'सब-ट्रेझरी'ची. चार्ल्स मॅक्यून यांनी १८८९ मध्ये मांडलेली ही योजना मराठी वाचकाला एका ओळीत समजेल: ती शेतमाल तारण योजना होती. ज्या काउंटीत (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) वर्षाला पाच लाख डॉलरांहून जास्त शेतमाल विकला जातो तिथे सरकारने गोदाम बांधायचं. शेतकऱ्याने कापूस, गहू, मका असा टिकणारा माल तिथे ठेवायचा. त्या दिवशीच्या स्थानिक भावाच्या ८० टक्के रक्कम सरकारी नोटांत उचलायची, व्याज १ टक्का, वर गोदामभाडं. वर्षाच्या आत भाव चढला की माल सोडवून विकायचा. वर्ष उलटलं तर सरकार लिलाव करणार.

आपल्या पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हळद ठेवायची, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, १८० दिवस, ६ टक्के व्याज. सांगाडा तोच आहे.

एक फरक मात्र मोठा. आपल्याकडे कर्ज असलेल्या पैशातून मिळतं. मॅक्यूनच्या योजनेत माल गोदामात आला की नव्या नोटा निघणार होत्या आणि माल सुटला की त्या परत जाणार होत्या. कारण साधं आहे. सुगीत सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो, त्याच वेळी रोकड आटते आणि भाव पडतो. शेतकरी थांबू शकत नाही, कारण पेरणीच्या वेळीच पीक दुकानदाराकडे तारण पडलेलं असतं. दक्षिणेतल्या कापूसपट्ट्यात रोखीचा भाव एक आणि उधारीचा दुसरा, आणि हिशेबाची वही दुकानदाराच्या हातात. नोटांचा पुरवठा सुगीबरोबर वाढला तर ही कोंडी फुटते. हा पैशाच्या रचनेतला बदल आहे, याला मनधरणी म्हणता येत नाही.

ही कोंडी आपल्याला परकी नाही. अमेरिकेतल्या १८६१-६५ च्या यादवी युद्धात त्यांचा कापूस अडला, आपल्याकडे भाव कडाडला, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मात्र अंगावर राहिलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांची कर्जखतं जाळली गेली ती त्याच साखळीत. तिकडचा पॉप्युलिस्ट आणि इकडचा कुणबी एकाच पिकाच्या भावाने गाळात गेले होते.

शब्दवेल्हाळ

मग 'बहुजनवाद' का नको? इकडे थोडे बडे, तिकडे सगळी रयत, हीच मांडणी सत्यशोधकांची. 'शेठजी-भटजी' हा जोडशब्द यासाठीच तर आला.

धातुपाठ

मोह होतो, पण टाळावा. बहुजन या शब्दात जात आहे आणि ती असायलाच हवी. ती काढून तो कॅन्ससच्या गोऱ्या शेतकऱ्याला चिकटवला तर दोन्हीकडे अन्याय होतो. दक्षिणेतल्या पॉप्युलिस्टांची तर वर्णाच्या प्रश्नावरच फाटाफूट झाली. काळ्या शेतकऱ्यांची अलायन्स, म्हणजे संघटना, वेगळी होती.

त्यापेक्षा 'शेतकरी कामगार' हा जोड जवळचा. आपल्याकडे या नावाचा पक्ष १९४७ चा. मिनेसोटात 'फार्मर-लेबर' पक्ष १९१८ चा, आणि १९४४ मध्ये तो डेमोक्रॅटिक पक्षात विलीन झाला. तिथल्या डेमोक्रॅटांचं अधिकृत नाव आजही 'डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर' असं आहे. म्हणजे हा पक्ष अशा राजकारणाने घडावा का, या प्रश्नाचं एका राज्यातलं उत्तर पाटीवरच लिहिलेलं आहे.

जमाखर्च

इतिहास ठीक, पण लेख आजचा आहे. आज या शब्दाखाली काय काय येतं ते वेगळं केल्याशिवाय एकच मराठी शब्द सगळीकडे बसवू नये. मला तीन ढीग दिसतात.

नियम बदलणारा पहिला. संघराज्याचं किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडलेलं आहे, ते वाढवा. औषधांच्या किमतींवर सरकारने घासाघीस करावी. २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरवाल्यांना (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातल्यांना) इन्सुलिन महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलरला मिळू लागलं, तेही यातच.

दुसऱ्यात कर. डेमोक्रॅट सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरांवरच्या संपत्तीवर वर्षाला २ टक्के कर सुचवला. याची अडचण जुनीच आहे. अमेरिकी राज्यघटनेप्रमाणे 'थेट कर' राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून लावावा लागतो. याच कलमावर १८९४ चा प्राप्तिकर (४,००० डॉलरांवर २ टक्के) सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द केला आणि तो परत आणायला १९१३ ची सोळावी घटनादुरुस्ती लागली. ती दुरुस्ती उत्पन्नापुरती आहे, संपत्तीचा प्रश्न तसाच उभा आहे. भाषांतरात 'थेट कर' या शब्दांना अवतरणचिन्हं द्या, कारण आपल्या 'प्रत्यक्ष करा'हून त्याचा अर्थ वेगळा आहे.

तिसरा ढीग भाव गोठवण्याचा. न्यूयॉर्कचे झोहरान ममदानी २०२५ मध्ये घरभाडं गोठवणं, मोफत बस, शहराची स्वतःची किराणा दुकानं यांवर महापौर म्हणून निवडून आले. इथे घोषणा आणि अधिकार यांतलं अंतर मोजून लिहा. भाडं गोठवणं म्हणजे शहरातलं सगळं भाडं नव्हे. भाडेनियंत्रणाखालची सुमारे दहा लाख घरं, आणि त्यांची वाढ ठरवणारं नऊ जणांचं मंडळ. मंडळाचे सदस्य महापौर नेमतो, म्हणून हे त्याच्या आवाक्यात येतं. बस चालवणारी संस्था मात्र राज्याच्या हातात आहे, आणि श्रीमंतांवरचा प्राप्तिकर वाढवायला राज्याच्या राजधानीतल्या, आल्बनीतल्या, विधिमंडळाची संमती लागते. भाडं गोठलं पण घराची डागडुजी, विमा, मालमत्ता कर वाढत राहिले तर जुन्या इमारतींची देखभाल आधी थांबते. पक्षातला दुसरा गट, जो आधी भरपूर घरं बांधा आणि परवान्यांचे अडथळे काढा म्हणतो, तो याच दुखण्यावर बोट ठेवतो. त्यांच्यासाठी 'मुबलकतावादी' हा शब्द बरा आहे.

भाषांतरवही

लेखात एक दावा आहे की हे कार्यक्रम लोकांना हवे आहेत, तरी मतं पक्षाला पडत नाहीत. याचं नेमकं उदाहरण हवं होतं.

जमाखर्च

मिसुरी, नोव्हेंबर २०२४. एकाच मतपत्रिकेवर ट्रम्प आणि 'प्रपोझिशन ए' हा थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून १५ डॉलर, शिवाय दर ३० तास कामामागे एक तास पगारी आजारपणाची रजा. दोघांनाही ५८ टक्क्यांच्या आसपास मतं. म्हणजे ट्रम्प यांना मत देणाऱ्या कितीतरी हातांनी याही प्रस्तावावर 'हो'ची खूण केली.

पुढे काय बिघडलं तेही लिहा. प्रस्ताव साध्या कायद्याच्या रूपात होता, घटनादुरुस्तीच्या नव्हे. रजा १ मे २०२५ पासून जमा होऊ लागली, विधिमंडळाने तो भाग मोडीत काढला आणि २८ ऑगस्ट २०२५ पासून ती बंद झाली. महागाईप्रमाणे आपोआप होणारी वेतनवाढही गेली. उलट फ्लोरिडात २०२० मध्ये १५ डॉलरचा प्रस्ताव घटनादुरुस्ती म्हणून आला. त्याला ६० टक्के लागत होते, जवळपास ६१ मिळाले आणि तो टिकला. त्याच दिवशी राज्य ट्रम्प यांनी जिंकलं.

यातून पक्षाच्या धुरिणांनी दोन उलट निष्कर्ष काढले. एक गट म्हणतो, कार्यक्रम लोकप्रिय आहे, पक्षाने तो ठामपणे आपला केलाच नाही. दुसरा म्हणतो, लोकांना तो पक्षाशिवायही मिळतो, मग त्याने पक्ष कसा वाचेल? ओहायोचे सिनेटर शेरॉड ब्राउन आयुष्यभर कामगारांच्या बाजूने बोलले. २०२४ मध्ये तेही हरले, पण पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस जिथे सुमारे ११ टक्क्यांनी मागे पडल्या तिथे ते ४ टक्क्यांच्या आत. हा आकडा दोन्ही गट आपापल्या बाजूने वाचतात. मला पहिल्या गटाचं वाचन जास्त पटतं. सात टक्क्यांचं अंतर उमेदवाराच्या ओळखीवर आणि बोलण्यावरच पडलेलं आहे.

काळी माती

इथेच १८९६ आठवावं. डेमोक्रॅटांनी अध्यक्षपदासाठी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना उभं केलं आणि पॉप्युलिस्टांच्या जाहीरनाम्यातून चांदी उचलली: १६ भार चांदीला १ भार सोनं या दराने नाणी पाडा, म्हणजे चलन वाढेल. गोदामांची योजना तिथेच पडून राहिली. पॉप्युलिस्टांनी ब्रायन यांनाच पाठिंबा दिला, उपाध्यक्षपदाला तेवढा स्वतःचा टॉम वॉटसन ठेवला. ब्रायन निवडणुकीत २७१ विरुद्ध १७६ निर्वाचक मतांनी हरले आणि पीपल्स पार्टी त्यात विरघळली. सोपी घोषणा घेतली, अवघड यंत्रणा सोडली. त्या वर्षीची चूक मला हीच वाटते, आणि आज पक्षाने टाळावी ती हीच.

यंत्रणा मेली मात्र नाही. १९१६ मध्ये गोदामांचा कायदा आला. १९३३ मध्ये रुझवेल्ट यांच्या सरकारने कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था काढून कापसावर पौंडाला १० सेंट तारण कर्ज दिलं. भाव त्याखाली गेला तर माल सरकारकडे सोडायचा, कर्ज फिटलं. डेमोक्रॅटिक पक्ष पुढे कित्येक वर्षं शेतकरी-कामगारांचा मानला गेला, त्यात या गोदामांचा वाटा होता.

म्हणून माझा शब्द: जनपक्षी. पक्षाचं नावच पीपल्स पार्टी, म्हणजे जनपक्ष, आणि 'जनांच्या पक्षाचा' म्हणजे त्यांच्या बाजूचा हा अर्थही त्यात आपोआप येतो. 'वाद' जोडायची गरज नाही. 'जनपक्षी अर्थनीती' पुरे.

धातुपाठ

पटलं. 'जनपक्षीय' मात्र नको, त्याने 'जन नावाच्या पक्षाचा' एवढाच अर्थ उरतो.

'पुरोगामी'चं राहिलं. अमेरिकेत प्रोग्रेसिव्ह आणि पॉप्युलिस्ट ही दोन वेगळी घराणी. पहिलं विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शहरी, शिकल्या-सवरल्या सुधारकांचं, दुसरं कर्जबाजारी शेतकऱ्यांचं. दोन्ही शब्द शेजारी आले की विरोधाभास नाही, सोयरीक आहे, हे टीपेत सांगा. आपल्या 'पुरोगामी'मागे फुले-शाहू-आंबेडकर आहेत आणि १९७८ चा पुलोदही (शरद पवारांचं 'पुरोगामी लोकशाही दल' आघाडी सरकार). तरी विचारसरणीसाठी तो शब्द चालेल. कराच्या बाबतीत मात्र 'पुरोगामी कर' कधीही लिहू नका. तिथे 'प्रगतिशील कर' किंवा सरळ 'चढत्या दराचा कर'.

एस्टॅब्लिशमेंटला 'प्रस्थापित'. या बाबतीत मराठी भाग्यवान आहे, हा शब्द गावच्या सोसायटीच्या निवडणुकीतही रोज वापरात असतो.

शब्दवेल्हाळ

मग लोकानुनय शब्द कायमचा टाकायचा?

जमाखर्च

नाही. जिथे मतदानाच्या तोंडावर, पैसा कुठून येणार हे न सांगता, रचना न बदलता काही वाटलं जातं तिथे तोच शब्द नेमका. खैरात आणि खिरापतही आहेतच. कसोटी म्हणून आपली रोजगार हमी घ्या. १९७५ पासून व्यवसाय कराचा पैसा तिच्यासाठी बाजूला काढला, १९७७ मध्ये कायदा केला, १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क, आणि पैशाची वाट आधीच आखलेली. कितीही लोकप्रिय असली तरी ती लोकानुनय नाही. लेखातल्या प्रत्येक मागणीपुढे हाच प्रश्न ठेवा आणि वाक्यागणिक शब्द निवडा. टीकाकाराच्या तोंडी 'लोकानुनय', समर्थकाच्या तोंडी 'जनपक्षी', आणि लेखक स्वतः बोलतो तिथेही 'जनपक्षी'.

भाषांतरवही

वाक्य असं केलं आहे: "पुरोगामी, जनपक्षी अर्थनीतीने डेमोक्रॅटिक पक्षाची पुढची वाट ठरवावी का?" पहिल्या वापरापाशी टीप: 'मूळ शब्द पॉप्युलिझम, १८९२ च्या पीपल्स पार्टीवरून.' सब-ट्रेझरीला 'सरकारी तारण गोदाम' ठेवलं आहे.

काळी माती

'सरकारी तारण गोदाम योजना' करा. नुसतं गोदाम म्हटलं की नोटांचा भाग सुटतो.