मदत हवी आहे : गर्भपातानंतर १९ दिवसांनी खाज, पांढरे जाणे आणि धुरीबद्दल

नमस्कार. मी अंबाजोगाई तालुक्यातील एका खेड्यात राहते, वय २९. अकरावा आठवडा चालू असताना सोनोग्राफीत बाळाचे ठोके मिळाले नाहीत. आधी गोळ्या दिल्या, परंतु पिशवीत थोडा भाग राहिल्यामुळे नंतर क्युरेटिंग (पिशवी आतून साफ करणे) करावे लागले. त्याला आज १९ दिवस झाले. घरी पाठवताना अँटिबायोटिकच्या गोळ्यांची पुडी हातात दिली आणि "आठ दिवसांनी दाखवा" एवढेच सांगितले. अंगावरून किती दिवस जाईल आणि काय झाले तर धावत यायचे, हे कोणी बोलले नाही, आणि त्या अवस्थेत मलाही विचारायचे सुचले नाही.

रक्त जाणे बाराव्या दिवशी थांबले. त्यानंतर दोन दिवसांनी खाज सुरू झाली, लघवी करताना बाहेरच्या बाजूला आग होऊ लागली आणि फुटलेल्या दह्यासारखे पांढरे जाऊ लागले. त्याला वास नाही, मला ताप नाही, ओटीपोटात कळ नाही. मेडिकलवाल्याने योनी धुण्याचे सुवासिक औषध दिले होते, पण दोनदा वापरताच आग वाढली म्हणून ते बंद केले.

पोट पडलेल्या बाईला बाळंतिणीपेक्षा जास्त जपावे लागते, असे सासूबाईंचे म्हणणे आहे, आणि त्या खरोखरच जपतात. पहाटे उठून माझ्यासाठी पाणी तापवतात, अळिवाची खीर करतात. आता त्यांचा आग्रह धुरीचा आहे. परवा त्यांनी गोवरीच्या निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा टाकून शेगडी बाजेखाली सरकवली. सुंभाच्या विणीतून धग थेट मांडीला लागली आणि मी दचकून उठून बसले. त्यांचे मन मोडवत नाही, पण धुराने आतल्या जागेला अपाय तर होणार नाही ना? शिवाय आमच्याकडे टँकर आठ दिवसांनी येतो, तेव्हा साठवणीच्या पाण्याने स्वच्छता कशी ठेवावी? शेजारच्या एका बाईंनी "पुढे त्रास नको, पिशवीच काढून टाक" असे सांगितल्यापासून मला झोप नाही. आमच्या जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात म्हणून २०१९ मध्ये सरकारला चौकशी करावी लागली होती. त्यामुळे हे शब्द ऐकले की जीव घाबरा होतो.

प्रतिसाद (निवृत्त परिचारिका, नांदेड)

ताई, सर्वांत आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते. खाज आणि पांढरे जाणे यांसाठी पिशवी काढायची नसते. तुम्ही लिहिलेली लक्षणे बहुधा बुरशीच्या संसर्गाची आहेत. योनीत आपल्या उपयोगाचे जंतू असतात आणि ते तिथला आंबटपणा टिकवून बुरशीला आवर घालतात. अँटिबायोटिकने तेही मरतात आणि बुरशी वाढते. सुवासिक औषधाने नाजूक त्वचा आणखी चिडली असणार. योनी आतून धुवायचीच नसते, ती स्वतःला स्वच्छ ठेवते. बाहेरून साधे पाणी, तेही पुढून मागे, एवढे पुरे; त्याला एक तांब्या पाणी लागते. टाकीत हात बुडवू नका, झाकण ठेवा आणि पाणी काढायला दांड्याचे वेगळे भांडे वापरा. कपडा वापरत असाल तर तो उन्हात वाळवा, आडोशाला ओलसर राहू देऊ नका.

धुरीचा काहीही फायदा नाही, आणि भाजण्याचा धोका मात्र खरा आहे. सासूबाईंना नाही म्हणण्याऐवजी कमरेला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक द्यायला सांगा. त्यांची माया वाया जाणार नाही.

तरीही एकदा तपासून घ्याच. क्युरेटिंगनंतर गर्भाचा भाग राहिला नाही ना, हेही त्यात कळते. दुकानातून मनाने मलम आणू नका, कारण पुष्कळ मिश्र मलमांत स्टिरॉइड असते. डॉक्टर सहसा क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी देतात. ती चालू असताना कंडोमचे रबर कमजोर होते, हे लक्षात ठेवा. खाज पूर्ण थांबेपर्यंत संबंध टाळा. पाळी साधारण ४ ते ८ आठवड्यांत येते, पण बीज त्याआधी, अगदी दोन आठवड्यांतही सुटू शकते, म्हणून पाळी आली नाही तरी दिवस जाऊ शकतात. आठ आठवडे उलटूनही पाळी आली नाही तर दाखवा, कारण क्युरेटिंगनंतर क्वचित पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात.

तासाला दोन मोठे पॅड भिजणे आणि असे सलग दोन तास चालणे, १००.४ अंशांच्या वर ताप, घाण वास, ओटीपोटात वाढती कळ किंवा चक्कर, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

धागाकर्ती, चार दिवसांनी

मनापासून आभार. सरकारी रुग्णालयात तपासले. बुरशीच निघाली, पिशवी स्वच्छ आहे. सहा रात्री ठेवायच्या गोळ्या मिळाल्या आणि खाज निम्म्याने उतरली आहे. धुरीची शेगडी आता अंगणात आहे. सासूबाई रोज संध्याकाळी कमरेला शेक देतात. हिमोग्लोबिन मात्र ९.२ आले. लोहाच्या गोळ्यांनी शौचास कडक होते आणि जोर लावताना खाली ताण पडतो. त्यावर काय करावे?