ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ट्रोजन दाखवतोय, डिलीट दाबू का?

सेक्रेटरी काका: नमस्कार, सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर चालू केला तर अँटीव्हायरसने लाल चौकोन टाकलाय, ट्रोजन (साध्या फाइलीचं सोंग घेणारा व्हायरस) सापडला म्हणतोय, फाइलचं नाव यूजर३२ डॉट डीएलएल, खाली डिलीट, क्वारंटाइन, इग्नोर अशी बटणं आहेत, उद्या मेंटेनन्सची बिलं काढायचीयेत, डिलीट दाबून मोकळा होऊ का?

ए-१०२: दाबा की काका, व्हायरस काय पाळायचाय का 😀

सी-४०४: काका थांबा!! काही दाबू नका आणि रिस्टार्ट तर मुळीच नको. ती विंडोजची स्वतःची फाइल आहे, स्क्रीनवरच्या खिडक्या, बटणं, मेनू सगळं तिच्या जिवावर चालतं. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये एव्हीजी अँटीव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीवर नेमकी हीच फाइल ट्रोजन ठरवली होती, लोकांनी विश्वासाने काढून टाकली आणि मग मशीन सुरूच होईना. २०१० च्या एप्रिलमध्ये मॅकॅफी अँटीव्हायरसने एसव्हीसीहोस्ट या विंडोजच्या फाइलीच्या बाबतीत हाच घोळ घातला, रिस्टार्टवर रिस्टार्ट. तुम्ही आधी बिलांचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या.

बी-३०३: पण खरंच व्हायरस असला तर? तेच नाव लावून बसतात ना हे

सी-४०४: बसतात ना ताई, म्हणून आधी पाथ, म्हणजे फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते बघायचं. विंडोजच्या सिस्टीम३२ मध्ये असेल तर ठीक, टेम्प किंवा डाउनलोड्समध्ये ही फाइल सापडली किंवा नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे असलं तर पाणी मुरतंय म्हणायचं. अर्थात पाथ बरोबर म्हणजे क्लीन चिट नाही, म्हणून तीच फाइल व्हायरसटोटल या वेबसाइटवर टाका, सत्तरेक अँटीव्हायरस इंजिनं एकदम तपासतात. फक्त आपलंच ओरडत असेल, ते पण जेनेरिक असलं काहीतरी मोघम नाव घेऊन, तर बहुतेक खोटा अलार्म. मेंबरांच्या याद्या वगैरे मात्र तिथे टाकू नका, टाकलेली फाइल दुसऱ्यांच्या हाती जाऊ शकते.

बी-३०३: प्रॉपर्टीजमध्ये मायक्रोसॉफ्टची सही दिसते ना?

सी-४०४: दिसली तर उत्तमच, पण सहीचा टॅब नसला तरी घाबरायचं नाही, विंडोजच्या बऱ्याच फाइलींची सही वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते.

सेक्रेटरी काका: पाथ सिस्टीम३२ च आहे. व्हायरसटोटलवर ७१ पैकी १, तो एक म्हणजे आपलाच शहाणा.

ए-१०२: मग अख्खं सिस्टीम३२ फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाका, म्हणजे ते तपासणारच नाही, कटकट संपली

सी-४०४: अजिबात नको, उद्या खराच आत आला तर कोणी ब्र काढणार नाही. काका, अँटीव्हायरसची डेफिनिशन, म्हणजे व्हायरस ओळखायची यादी, अपडेट करा आणि पुन्हा स्कॅन करा, अशी चूक कंपनीच्या लक्षात आली की पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करतात. तरी ओरडला तर त्यांच्या साइटवर फॉल्स पॉझिटिव्हचा, म्हणजे खोट्या अलार्मचा, फॉर्म असतो, तिथे फाइल पाठवा.

सेक्रेटरी काका: अपडेट केलं. स्कॅन झालं. गप्प बसला 🙏

ए-१०२: एक विचारायचं होतं, माझ्या लॅपटॉपवर पण हाच अँटीव्हायरस आहे, मघाशी तसाच चौकोन आला होता आणि मी डिलीट दाबलं

सी-४०४: 🤦 रिस्टार्ट केलात का?

ए-१०२: नाही, पण मागतोय

सी-४०४: देऊ नका! अँटीव्हायरसमध्ये क्वारंटाइनची, म्हणजे बाजूला काढून ठेवलेल्या संशयित फाइलींची, यादी उघडा, डिलीट केलेलं बऱ्याचदा तिथेच पडलेलं असतं, दिसलं तर रिस्टोर करा. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजचीच कमांड चालवायची, गहाळ सिस्टीम फाइल ते परत बसवतं. थांबा, मीच येतो खाली, चार्जर लावून ठेवा.